सर्वोत्तम परीक्षक चन्नप्पा

१

डॉ. चन्नप्पा मेत्री यांना शाल आणि सन्मानचिन्ह द्यायला आमचे संपादक खास गाडी करून विजापूरला गेले आणि शाल, सन्मानचिन्ह घेऊन तसेच सोलापूरला परत आले. ज्या कॉलेजात चन्नप्पा शिकवतात असं आम्ही वर्षानुवर्षं छापत होतो, तिथं त्या नावाचं कुणी नव्हतं. पूर्वीही कधी नव्हतं.

"प्राचार्य मलाच विचारायला लागले की, तुमी कोण म्हणून," संपादक डॉ. गुरुलिंग बिराजदार म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. सर्वोत्तम परीक्षकाचा पुरस्कार ही त्यांचीच कल्पना, आणि पहिलाच पुरस्कार नसलेल्या माणसाला गेला होता.

मी राजश्री हत्तुरे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांतून निघणाऱ्या 'दख्खन पशुविज्ञान पत्रिके'ची मी सांख्यिकी सल्लागार आहे. म्हणजे आतल्या पानावर माझं नाव छापतात आणि तपासायला कोष्टकं मात्र कधीच पाठवत नाहीत. काही झाकायचं असलं की माझी आठवण होते, तशी ती आज झाली होती.

आमच्याकडे लेख निवडतात कसे, ते आधी सांगते. लेख आला की त्यावरचं नाव-गाव काढून तो दोन परीक्षकांकडे पाठवतात. दोघं हो म्हणाले तर छापायचा, दोघं नाही म्हणाले तर परत. एक हो आणि एक नाही असेल तर संपादक ठरवतात. आणि परीक्षक कोण असावेत, हे लेखकालाच सुचवायला सांगतात. पोरानं पेपर लिहायचा आणि तो तपासायला मास्तर कोण पाहिजे हेही त्यानंच सांगायचं, असा हा शास्त्रीय कारभार. सुचवलेल्या माणसाचा ईमेल खरा आहे का, हे बघायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

"मॅडम, हे बाहेर जाता कामा नये," बिराजदार म्हणाले.

"चन्नप्पांनी अलीकडे कुणाचा लेख नाकारला?"

"बनसोडे म्हणून एक मुलगी आहे. बैलांवरचं कायतरी होतं. का हो?"

"ती सकाळपासून बाहेर बाकावर बसलीय. तिला विचारायचंय, मला नाही म्हणणारा माणूस कोण आहे."

२

धम्मप्रिया बनसोडे श्रीपूरकडे जनावरांची डॉक्टर आहे. ऊस ओढणाऱ्या बैलांच्या मानेला जू घासून जखमा होतात, त्याला तिकडे 'खांदा आला' म्हणतात. कारखान्याबाहेरच्या गाड्यांच्या रांगेतून हंगामभर हिंडून तिनं एक गोष्ट हेरली होती. खांदा डाव्या बाजूच्या बैलाला जास्त येतो. भरलेली गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं जाते, रस्ता कडेला उतरता असतो, आणि सगळा भार डाव्या बैलावर कलतो. जोडीतल्या बैलाची बाजू एकदा ठरली की बदलत नाहीत, त्यामुळे तोच बैल वर्षानुवर्षं सोसत राहतो. जुवाला डावीकडे जाड गादी लावली की जखमा कमी होतात, हेही तिनं करून दाखवलं होतं. मी तिथंच बसून लेख वाचला. आमच्या पत्रिकेत इतकं कामाचं काही कधी आलं नव्हतं.

"तुला काय कळवलं?"

"एकच ओळ. लेखात नावीन्य नाही."

आमच्याकडे अभिप्राय लेखकाला दाखवत नाहीत. तो गोपनीय असतो.

"महिनाअखेरीला माझी पीएच.डी.ची नोंदणी संपतीय मॅडम," ती म्हणाली. "मुदतवाढ एकदा घेऊन झाली, आता मिळत न्हाय. लेख स्वीकारल्याचं पत्र नसलं तर प्रबंध घेतच नाहीत. आईनं बिड्या वळून शिकवलंय मला. तिला काय सांगू, कोण नाही म्हणाला?"

मला त्या पोरीचा लळा लागला आणि बिराजदारांचा राग आला. दोन्ही एकदमच झालं.

"चन्नप्पांचं नाव तूच सुचवलं होतंस?"

"व्हय. सगळेच सुचवतात. आमचे गाइड रणवरे सर तेच नाव सांगतात, दुसरे गाइड वाघमोडे सर, त्यांची पोरंसुद्धा तेच लिहितात. मेत्री सर नीट वाचतात म्हणे."

"लेखावर गाइडचं नाव कसं नाही?"

"सरांना पहिलं नाव स्वतःचं पाहिजे होतं आणि दुसरं पुतण्याचं. पुतण्या पुण्यात मोबाइल विकतो. मग मी एकटीचंच घातलं. विद्यापीठाला चालतं."

मी बिराजदारांकडून चन्नप्पांचे सगळे जुने अभिप्राय मागून घेतले. घरी नेऊन चहा ठेवला आणि वाचायला बसले. नसलेल्या माणसानं काय खरडलं असेल ते खरडलं असेल, अशा समजुतीत मी होते. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. ते अभिप्राय उत्तम होते.

३

नेमकी तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. चन्नप्पा प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचत. अभिप्राय वेळेत देत. 'माझे लेख संदर्भात घाला' असं त्यांनी एकदाही सुचवलं नव्हतं. आमच्या परीक्षकांपैकी या तिन्हींतली एक गोष्ट करणारा माणूससुद्धा मला ठाऊक नाही. हा खरा प्राध्यापक असता तर खऱ्या प्राध्यापकासारखा वागला असता. इतकी वर्षं हे कुणाच्या नजरेत येऊ नये, यावरून संपादक मंडळ किती जागं आहे ते कळतं.

म्हणजे कुणीतरी चन्नप्पांचा मुखवटा घालून बसलं होतं. फायदा कुणाचा? चन्नप्पा एरवी कडक असले तरी तिघांचे लेख लाडानं पास करत. संपादक बिराजदार, मंडळाचे सदस्य डॉ. कुंडलिक वाघमोडे आणि दुसरे सदस्य, धम्मप्रियाचे गाइड डॉ. अभिमन्यू रणवरे. मी तिघांना गाठायचं ठरवलं.

बिराजदारांना मी सरळ विचारलं, "बनसोडेबाईंच्या लेखावरचा चन्नप्पांचा अभिप्राय तुम्ही वाचलात?"

"मॅडम, मी फक्त शेवटची ओळ बघतो. स्वीकारावा की नाकारावा. वरचं सगळं वाचत बसलो तर अंक कधी काढू?"

"वाघमोडेंनी स्वीकारावा म्हटलं होतं आणि चन्नप्पांनी नाकारावा. मग तुम्ही ठरवलंत कसं?"

"चन्नप्पा जास्त लिहितात की. जास्त लिहिणाऱ्याचं ऐकायचं."

वाघमोडे मूळचे माळशिरसचे, आता होटगी रस्त्यावर बंगला बांधून राहतात. त्यांनी पानाची पिंक टाकून माझं स्वागत केलं.

"बनसोडेबाईचा लेख? चांगला हाय की. मी पास केलाय."

"कशावर होता?"

"म्हशीवरच ना?"

"बैलांवर."

"आता असंल बैलांवर." ते जराही लाजले नाहीत. "मॅडम, मी शेवटची संदर्भसूची बघतो. माझं नाव असलं तर माणूस अभ्यासू, नसलं तर अडाणी. त्या बाईनं माझं नाव लई वेळा घातलं हुतं."

रणवरे मात्र सभ्य माणूस. त्यांच्या घरी पाणी तांब्या-भांड्यातून मिळालं आणि वर खडीसाखर. "हुशार मुलगी आहे हो," ते हळहळून म्हणाले. "पण लेख मला न दाखवताच पाठवला. मी त्यातलं अक्षरही पाहिलेलं नाही. पाहिला असता तर ही वेळ आली नसती."

तिघांचाही बचाव एकच होता, की आम्ही लेख वाचलेलाच नाही. दुसरीकडे कुठं माणूस हे कबूल करताना जमिनीत गेला असता. इथं तिघं ते छाती फुगवून सांगत होते, आणि तिघांना ओळखत असल्यामुळे माझा तिघांवरही विश्वास बसत होता. पण कुणीतरी एक खोटं बोलत होता. त्या एकानं लेख वाचला होता.

४

दुसऱ्या दिवशी मी धम्मप्रियाला चन्नप्पांचा अभिप्राय दाखवला. गोपनीयता गेली खड्ड्यात. दुसरं पान उलटताना तिचा हात थांबला.

"मॅडम, हे यांना कसं माहीत?"

तिनं ओळ दाखवली. 'बाजू बदलून जुंपल्यावर बैलानं रस्त्यातच बसकण मारली, म्हणून प्रयोग सोडून देणं हे शास्त्र नव्हे.'

"हे लेखात नाही?"

"एक अक्षर न्हाय. डाव्या बैलाला उजवीकडं जुंपून बघायचं ठरलं होतं. बैल चाललाच न्हाय. काही मोजताच आलं नाही, म्हणून मी त्याबद्दल लिहिलंच नाही."

"त्या दिवशी तिथं कोण होतं?"

"रणवरे सर आणि वाघमोडे सर. वाघमोडे सर माझ्या संशोधन समितीवर आहेत, म्हणून आलते. पण ती बैलजोडी रांगेत पार मागं होती. मी पुढच्या गाड्यांपाशी होते. मला नंतर गाडीवान जालिंदरभाऊंनी सांगितलं. तिथं दोघांतलं कोण उभं होतं ते मी पाहिलं न्हाय."

आम्ही श्रीपूरला गेलो. कारखाना चालू होता आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. जालिंदर गाडीच्या सावलीत भाकरी खात बसला होता. जुवाच्या डाव्या बाजूला धम्मप्रियानं दिलेली गादी होती.

"या डाक्टरबाई, बसा." त्यानं पोतं झटकून टाकलं. "बैल बसला त्यो दिस? इसरीन व्हय! म्या म्हनलं हुतं सायबाला, ह्यो बैल डाव्या अंगाला शिकलाय, उजवीकडं न्हाय चालायचा. ऐकत्यात कुटं! बसला की मग रस्त्यात. सायेब म्हनं, काठीनं टोच. म्या न्हाय टोचलं. मागनं समदी गाडीवान शिव्या द्याय लागली."

"साहेब एकच होता?" मी विचारलं.

"एक हितं हुता, बैलापशी. दुसरा तितं रसवंतीवर रस पीत बसलेला. त्यो काय उटलाच न्हाय."

"बैलापाशी होता तो दिसायला कसा होता?"

जालिंदरनं विचार केला. "दोगंबी जाड. दोगंबी टोपीवालं. दोगास्नी चष्मा. आता काय सांगू तुमास्नी?"

मी मोबाइलवर मंडळाचा सामूहिक फोटो उघडून दाखवला. त्यानं तो जवळ घेतला, लांब धरला आणि परत दिला. "समदी सारकीच दिसत्यात की वो."

तो काही खोटं बोलत नव्हता. मी स्वतः त्या फोटोत बिराजदारांना दोनदा शोधलं होतं. दोघांपैकी चन्नप्पा कोण, हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे स्वतः चन्नप्पा. त्यालाच बोलतं करायचं मी ठरवलं.

५

शनिवारी मंडळाची बैठक बोलावली. भजी आणि शेंगाचटणी आली तशी उपस्थितीही चांगली झाली. धम्मप्रियाला मी शेजारी बसवलं. बिराजदारांनी विजापूरची हकिगत सांगितली. सगळ्यांनी 'अरेरे' केलं. रणवरेंचं 'अरेरे' सगळ्यात हळू होतं, पण तेवढ्यावर कुणाला पकडता येत नाही.

मी उभी राहिले. "चन्नप्पा नव्हते ते बरंच झालं. त्यांचा या लेखावरचा अभिप्राय मी वाचलाय. अगदी शाळकरी आहे."

"असंल," वाघमोडे भजं मोडत म्हणाले.

"बैल मोजले थोडे, म्हणून लेख नाकारा, एवढंच लिहिलंय. संख्याशास्त्राचं अगदी साधं पुस्तकसुद्धा या माणसानं उघडलेलं दिसत नाही. असल्या माणसाला आपण शाल द्यायला निघालो होतो."

वाघमोडेंनी दुसरं भजं घेतलं. रणवरेंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"दोन-चार ओळींत उरकलंय," मी पुढं रेटलं. "लेख नीट वाचलेलाच नाही त्यानं."

"नीट वाचलेला नाही?" रणवरे एकदम म्हणाले. "मॅडम, तुम्ही दुसरं पान पाहिलंच नाहीत. बैल किती मोजले याबद्दल त्यात आक्षेपच नाही! मुख्य आक्षेप बाजू बदलण्याच्या प्रयोगावर आहे. दोष बाजूचा की बैलाचा, हे त्याशिवाय ठरत नाही. तो आक्षेप अतिशय..."

ते थांबले. खोलीत फक्त वाघमोडेंच्या चावण्याचा आवाज येत होता.

"सर, अभिप्राय माझ्याकडे आहे आणि काल धम्मप्रियानं पाहिलाय," मी म्हणाले. "तिसऱ्या कुणीही तो वाचलेला नाही. संपादकांनीसुद्धा."

"होय की, मी कुठं वाचलाय!" बिराजदार तत्परतेनं म्हणाले.

रणवरेंना लेख चोरता आला असता, नाव खोटं घेता आलं, पोरीचं शिक्षण बुडवता आलं. पण आपल्या अभिप्रायाला कुणी शाळकरी म्हणावं, हे त्यांना सोसलं नाही. मला त्यांची कीव आली नाही. किळस आली. या मंडळात वाचू शकणारा हा एकच माणूस होता, आणि त्यानं ती अक्कल स्वतःचे लेख पास करायला आणि एका मुलीनं पुतण्याचं नाव घातलं नाही म्हणून तिला बुडवायला वापरली. इतरांचे अभिप्राय तो मन लावून लिहायचा, ते चन्नप्पांची पत राहावी म्हणून.

"मी तिच्या भल्यासाठीच..." रणवरे म्हणाले.

धम्मप्रियानं मान वर केली. "सर, बैलाजवळ तुमीच हुता. बैल उठत नव्हता तवा त्याला काठीनं टोचायला तुमीच सांगितलं हुतं. जालिंदरभाऊंनी ऐकलं नाही म्हणून बरं."

मला वाटलं, प्रकरण संपलं. या मंडळाला मी अजून पुरतं ओळखलं नव्हतं.

६

बिराजदारांनी हिशेब घातला. चन्नप्पा नव्हतेच असं छापलं, तर त्यांनी पास केलेले सगळे लेख रद्द धरावे लागणार. त्यात रणवरेंचे लेख होतेच. ज्या लेखावर बिराजदार प्रोफेसर झाले, तोही होता. वाघमोडेंचेही दोन होते. भजी एकदम कडू झाली.

"चन्नप्पा वारले असं म्हणलं तर?" बिराजदार म्हणाले.

"म्हणजे?"

"शोकप्रस्ताव करू. माणूस वारला तरी त्याचे अभिप्राय राहतात की."

"मग धम्मप्रियाला दिलेला नकारही राहील," मी म्हणाले.

"तर मग ते आधीच वारले म्हणू," वाघमोडे उत्साहानं म्हणाले. "हिचा लेख दिवाळीत नाकारलाय. दसऱ्याला वारले धरा."

"पण माझा लेख गणपतीत पास झालाय," बिराजदार घाईनं म्हणाले.

"मग दसराच बरा. तुमचा ऱ्हातोय, हिचा नकार जातोय. माझा होकार तेवढा उरतोय. लेख पास!"

मंडळानं माना डोलावल्या. नसलेल्या माणसाच्या मरणाची तारीख सर्वांच्या सोयीनं ठरली, आणि बिराजदार दोन मिनिटं शांततेसाठी उभे राहिले. मंडळ उभं राहिलं. रणवरेही उभे राहिले, मान खाली घालून. स्वतःच्याच शोकसभेला उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी बसून राहिले. माझ्या शेजारी धम्मप्रियाही उठली नाही.

"उठ की पोरी," बिराजदार कुजबुजले. "आजच पत्र देतो तुला."

पत्र मिळालं की तिचं काम होत होतं. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. तिनं हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"सर, ज्यानं माझा लेख वाचला तो मेला म्हणता," ती म्हणाली. "ज्यानं पास केला त्यानं वाचलाच न्हाय. मग ह्या पत्रावर मी आईला काय सांगू? कुणाला पटलं माझं?"

शांतता आता खरोखरीची झाली.

"शोकप्रस्ताव छापायचा तर सोबत फोटो लागतो," मी म्हणाले. "मी रणवरे सरांचा देणार आहे. नाहीतर पुढच्या अंकात पहिल्या पानावर सगळं खरं छापा. रणवरेंच्या कॉलेजला मी कळवतेच आहे."

बिराजदार मटकन बसले. "माझी प्रोफेसरकी जाईल हो मॅडम."

"लेख चांगला असेल तर पुन्हा तपासून घ्या. तुम्ही स्वतः तरी वाचलाय ना तो?"

त्यांनी भज्यांची बशी बाजूला सारली. रणवरे उठून निघाले. दारापाशी त्यांच्या चपला सापडेनात तेव्हा कुणी उठून शोधायला गेलं नाही.

मग वाघमोडेंनी हात धुतले. रुमालाला पुसले. धम्मप्रियाच्या समोरचा लेख ओढून घेतला. सवयीनं शेवटचं पान काढलं आणि माझ्याकडे बघून पहिल्यावर आले. ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागले. फार हळू वाचत होते. बिराजदार घड्याळाकडे बघत होते, पण उठायची हिंमत त्यांना झाली नाही. चहा आला आणि गार झाला.

"बाई," वाघमोडे बऱ्याच वेळानं म्हणाले, "हितं तू डावा बैल म्हणतीस. गाडीवान बसतो त्याच्या डाव्या हाताचा, का समोरनं बघणाऱ्याच्या डाव्या हाताचा?"

"गाडीवानाच्या, सर."

"मग तसं लिही की. वाचणाऱ्याला कसं कळंल?"

धम्मप्रियानं पेन काढलं. "सर, अजून काही?"

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून वाचतोय."